तालमीतल्या झोळ्या

हिरामणतात्या मोठ्या माणसांना अरेतुरे करत आणि तान्ह्या मुलांना अहोजाहो. बँकेचा साहेब असो, तलाठी असो, की आमच्या इमारतीतला कुणी कंपनीतला मॅनेजर असो, तात्यांच्या लेखी तो 'तू'. पण चार महिन्यांचं मूल झोळीत चुळबुळ करू लागलं की तात्या वाकून अदबीनं विचारत, "काय पैलवान, उठला व्हय? घ्या, आळस घ्या निवांत." मी एकदा याचं कारण विचारलं. म्हणाले, "मोठ्यांचं काय हाय ते कळून चुकलंय. ह्यांचं अजून सांगता येत न्हाई. न जानो, लई मोटी निगायची. आपला शब्द आदीच नीट असल्याला बरा."

तात्या तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. पांढरा लेंगा, बंडी, टोपी आणि ओठांवर आडवी ठेवलेली दणकट मिशी. तरुणपणी त्यांनी मुळशी-मावळातल्या बहुतेक जत्रांत कुस्त्या मारल्या होत्या. त्या काळात चेचले गेलेले कान सुक्या अंजिरासारखे दिसत. भुकूमला रस्त्याकडेची त्यांची जमीन बरीचशी विकली गेली होती. उरलेल्या तुकड्यावर थोरल्या मुलानं, दत्तानं, चार मजली इमारत बांधून आमच्यासारख्यांना भाड्यानं दिली होती. आम्ही नांदेडचे, समोर जळगावचे, वर अकोल्याचे. सगळे हिंजवडीला नाहीतर कोथरूडकडे पळणारे. इमारतीच्या मागे पत्र्याच्या छपराची जुनी तालीम होती. गावात जिम निघाल्यापासून तिथल्या लाल मातीत कुणी उतरत नव्हतं. तात्या मात्र रोज ती माती खणून, पाणी मारून ठेवत.

माझी मुलगी मुक्ता तेव्हा चाळीस दिवसांची होती. बाळंतपणाला आलेली माझी आई पंचविसाव्या दिवशी परत गेली, कारण तिकडे वहिनीचे दिवस भरले होते. सासूबाईंचा गुडघा नुकताच बदलला होता. नवरा, प्रशांत, कंपनीच्या कामाला दोन महिने बंगळुरूला. एका दुपारी मुक्ता रडायला लागली ती थांबेचना. तीन तास झाले. मी सगळं करून पाहिलं, शेवटी फोनवर बघून पंख्याचा आवाज लावला, तर ती आणखीनच चिडली. तेवढ्यात दार वाजलं. दारात दार भरून एक म्हातारा उभा.

"पोर दे हिकडं," तो म्हणाला.

"तुम्ही कोण?"

"घरमालकाचा बाप. पोर दे."

मी देईपर्यंत ते आत येऊन मोरीत कोपरापर्यंत हात धुवायला लागलेही होते. मग त्यांनी मुक्ताला आपल्या डाव्या हातावर पालथं घातलं. तिचे पाय दोन्हीकडे लोंबकळत होते, गाल त्यांच्या कोपराच्या घडीत, आणि पाठीवर दुसरा भलामोठा पंजा. असं धरून ते हॉलमध्ये डुलत डुलत फिरायला लागले. दहाव्या मिनिटाला पोरगी झोपली. घरात इतकी शांतता झाली की मलाच हुंदका फुटला.

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. "तू बी रडनार हायेस का? मग जरा थांब. मला हात दोनच हायेत." आणि पाठ फिरवून पुन्हा फिरायला लागले. "खाली आमची म्हातारी, हौसा, भाकरी दील. जेवून ये. पैलवान हितंच हायेत, कुटं जात न्हाईत."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तेलाची बाटली घेऊन हजर. आता मुलाला न्हाऊ घालायला गावोगाव बायकाच येतात. मी अवघडले. म्हटलं, तुम्हाला जमेल का? तात्यांना हा प्रश्न फार लागला. "चाळीस वरसं पैलवान मळल्यात म्या. दीड-दीडशे किलोचं. ही तर माझ्या ढोपरायेवढी न्हाई." मग मी कापडी लंगोट कसा बांधायचा ते दाखवायला पुढं सरसावले, तर म्हणाले, "आता लंगोट बांधायला मला तू शिकिवनार व्हय?"

पण हातावर तेल घेण्याआधी त्यांनी एक काम केलं. पिरंगुटला लहान मुलांच्या एक डॉक्टरीण बसत, त्यांच्याकडं मला आणि मुक्ताला घेऊन गेले आणि अर्धा तास त्यांची उलटतपासणी घेतली. कुठं दाबायचं, कुठं नाही, पाणी किती गरम. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, नाकाकानात तेल घालायचं नाही, टाळू दाबायची नाही. तात्यांनी तो वस्तादाचा हुकूम मानला. त्यावरून पुढं गावातल्या न्हाऊ घालणाऱ्या बायकांशी त्यांची कडाक्याची भांडणं झाली. बायका म्हणत, पुरुषमाणसाला काय कळतंय. तात्या म्हणत, "तुमाला कळतंय म्हनूनच पोरांच्या कानात डबकी झाल्यात."

माझी रजा संपत आली. पाळणाघर होतं ते बावधनला, तेही सहा महिन्यांच्या आतलं मूल घेत नव्हतं. मी राजीनामा लिहून ठेवला आणि तात्यांना तसं सांगितलं. ते मुक्ताच्या तळपायाला तेल लावत होते. वर न बघता म्हणाले, "सोडायची तर सोड. पन हिच्यापायी सोडली आसं मोटेपनी हिला सांगू नगं. हिनं काय सोड म्हटलेलं न्हाई." मग दुसरा तळपाय हातात घेत, "सकाळच्याला तालमीत आनून सोडत जा. रिकामीच पडलीया."

तालमीत बाई जात नाही, हा तिथला जुना नियम. मुक्ताला घेऊन मी पहिल्या दिवशी उंबऱ्याशी घुटमळले तर तात्या म्हणाले, "ये आत. नियम म्याच केलता, म्याच मोडतो."

समोरच्या जळगाववालीनं महिन्याभरात आपला मुलगा आणला. मग अकोल्याची जुळी आली. दोन वर्षांत तालमीत अकरा झोळ्या झाल्या. ज्या तुळईला पूर्वी पैलवान दोर चढायचे, त्याच तुळईला ओळीनं जुन्या नऊवारीच्या झोळ्या. लाल मातीवर चार थरांच्या गोधड्या, कोपऱ्यात उभ्या गदेला टांगलेले खुळखुळे. तात्यांचा सगळा कार्यक्रम तालमीच्या वेळापत्रकानं चाले. "पोर म्हंजी पैलवानच," ते म्हणत. "खुराक घ्यायचा, मालीश करून घ्यायचं, मेहनत करायची, झोपायचं. मधी कुनी बोललं तर वरडायचं. येगळं काय हाय?" मेहनत म्हणजे पोरांना गोधडीवर पालथं घालायचं आणि समोर तात्यांनी स्वतः पालथं पडून मान वर करून दाखवायची. पालथे पडलेले चौऱ्याहत्तर वर्षांचे तात्या आणि समोर टकामका बघणारी पाच पोरं, हे दृश्य मी ऑफिसला उशीर होत असतानाही उभी राहून पाहिलं आहे.

त्यांची अट एकच होती: बाप पाहिजे. दर रविवारी सकाळी प्रत्येक मुलाच्या बापानं तालमीत यायचं, मोबाईल चपलांशेजारी ठेवायचा, मुलाला मालीश करायचं, न्हाऊ घालायचं आणि आठवड्याचे लंगोट हौदावर धुवायचे. आयांना त्या दिवशी सुट्टी. प्रशांत बंगळुरूहून परतल्यावर पहिल्याच रविवारी त्याची रवानगी तिथं झाली. जळगाववालीचा नवरा कुठल्याशा प्रोजेक्टचा मुख्य होता. तो म्हणाला, रविवारी माझा कॉल असतो. तात्या म्हणाले, "तुज्या सायबाला सांग, पैलवानांनी बोलिवलंय." तो आला नाही. सोमवारी तात्यांनी त्याच्या मुलाला दारातूनच परत पाठवलं, तेही माफी मागून. "पैलवान, तुमचा काई गुन्हा न्हाई. बापाला घिऊन या." पुढच्या रविवारी गृहस्थ सकाळी आठलाच हजर. सहा महिन्यांत तोच सगळ्यांत तरबेज निघाला आणि नव्या बापांना शिकवायला लागला.

इमारतीचा वॉचमन बिहारचा. त्याची बायको सुनीता वरच्या चार घरी कामं करी आणि आठ महिन्यांचा सूरज जिन्याखाली पोत्यावर बसलेला असे. तात्यांनी एक दिवस त्याला उचलून बारावी झोळी बांधली. दोघी-तिघी कुजबुजल्या. एकीनं धीर करून म्हटलं, तात्या, स्वच्छतेचं कसं काय? तात्यांनी तिला आत नेलं. अंघोळीआधीचे पाच जण उघडेबंब ओळीनं पडले होते. "ह्यातला इंजिनेराचा कंचा आन् वाचमनाचा कंचा, सांग," ते म्हणाले. तिला आपला मुलगा तेवढा ओळखता आला. संध्याकाळी सूरजच्या बापाला तात्यांनी आपल्या हिंदीत बजावलं, "ऐतवार को आने का. धोने का. तुम्हारा पोऱ्या लई गुणी है."

गावाला हे सगळं गमतीचं वाटे. टपरीवरची पोरं हाक मारत, "काय पैलवान, दाई झालासा व्हय?" तात्या थांबून सांगत, "व्हय. ये, तुला बी न्हाऊ घालतो. गरज दिसतीया." पण दत्ताला ते झोंबे. तो पंचायतीला उभं राहायच्या विचारात होता. बाप गदा घेऊन मिरवलेला, आणि आता खांद्यावर ओकलेलं दूध घेऊन रस्त्यानं चालतो, हे त्याला बघवत नसे.

आणि हौसाआजी? त्या पायरीवर बसून मिश्री लावत आणि सगळं बघत. बारा पोरांचं दूध त्या गरम करून देत, पण तालमीच्या उंबऱ्यापर्यंतच. आत कधी पाऊल टाकलं नाही. तात्यांनी बोलावलं की म्हणत, "बायकांनी तालमीत यायचं नसतं. तुमीच सांगितलंय. पन्नास वरसं भाईर हुबी केली, आता मला भाईरच बरं वाटतंय."

मग पल्लवीला बघायला पाहुणे यायचे ठरले. पल्लवी ही दत्ताची मुलगी, पिरंगुटच्या एका कारखान्यात कचेरीत नोकरीला. मुलगा जवळच्याच भरे गावचा, सागर नावाचा, त्याच भागात सुपरवायझर. घर तालेवार. दत्तानं आठ दिवस आधी बापाला सांगितलं, रविवारी तालीम बंद ठेवा.

"ऐतवारी बाप लोक येत्यात," तात्या म्हणाले.

"मंग तुमी तरी तालमीतनं भाईर येऊ नका."

तात्या मातीला पाणी मारत राहिले, त्यालाच दत्ता होकार समजला. रविवारी पाहुण्यांची गाडी आली तेव्हा हौदावर सात बाप लंगोट पिळत होते, बाकीचे आत मालिशीला होते आणि अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत पन्नासेक लंगोट वाळत होते. भऱ्याचे सोयरे त्या तोरणाखालून, फेटे सांभाळत, वाकून आत आले. माझा नवरा त्या सातांत होता. पुढचं त्यानं खिडकीतून पाहिलं, आणि मला पल्लवीनं नंतर दोनदा सांगितलं.

पोहे झाले. मुलाच्या बापानं पल्लवीला विचारलं, भाकरी येते का, माणसांचं करायची सवय आहे का. पल्लवी मान खाली घालून उत्तरं देत होती. तेवढ्यात तात्या आले. कडेवर नागडा सूरज, हातात कोरडा लंगोट. त्यांनी पाहुण्यांना राम राम केला, सोयरे म्हणून त्यांच्यापुरतं 'तुमी' काढलं, आणि सूरजला सरळ सागरच्या मांडीवर ठेवलं.

"बांद," ते म्हणाले.

"काय?" सागर म्हणाला.

"लंगोट. तिला भाकरी इचारली तुमी. आमी आपलं ह्ये इचारतो."

सागरनं लंगोट उलटसुलट करून पाहिला. एक टोक धरलं तर दुसरं सुटे. सूरजनं तोवर आपला कार्यभाग त्याच्या नव्या पँटवर उरकून घेतला. दत्तानं डोळे मिटले. सागर क्षणभर मांडीकडं बघत राहिला आणि हसायला लागला. मग म्हणाला, "आता तर बांधायलाच पाहिजे." पल्लवी मान वर न करता हळूच बोलली, "उजवीकडचं टोक खालून घ्या." त्यानं घेतलं. लंगोट बसला. वाकडा होता, पण बसला.

सागरचे वडील उठले. "आमी पोरगी बगायला आलोय. पोरगा दाखवायला न्हाई."

"मंग अर्धंच काम करून चाललायसा," तात्या म्हणाले.

गाडी गेली. दत्ता बापाकडं पाठ करून आत गेला. सोमवारी सकाळी आम्ही मुलं घेऊन खाली आलो तर तालमीला कुलूप. दहाजणी डबे, दुधाच्या बाटल्या, लॅपटॉपच्या पिशव्या घेऊन अंगणात उभ्या. सुनीता जिन्याशी. कुणाची मीटिंग, कुणाची नोकरी जेमतेम महिन्यापूर्वी लागलेली. तात्या पायरीवर बसलेले, मांडीवर जुळी आणि पाठीला टेकलेली मुक्ता. मी म्हटलं, तात्या, आता? त्यांचा आवाज मी तेवढा लहान कधी ऐकला नव्हता. "त्याचं बी खरं हाय. पोरीच्या लग्नाचा इषय हाय. म्या जास्तच केलं." दत्ता बाजूला मोटरसायकलपाशी उभा होता. त्याचीही मान खाली होती.

हौसाआजी चूळ भरून आल्या. पदराला तोंड पुसलं आणि दत्तासमोर हात पसरला. "दत्त्या, किल्ली."

"आये, तू ह्यात पडू नगं."

"तू तीन म्हयन्यांचा व्हतास. खोकून खोकून निळा पडलास. म्या तुला घिऊन पौडाच्या दवाखान्यात चालत गेले. ह्यो मानूस हितं तालमीत व्हता. चौथ्या दिशी परत आले तर मला इचारतो, कोन आजारी व्हतं." त्यांनी पसरलेला हात आणखी पुढं केला. "चार पोरं झाली, येकाला हातात घेटलं न्हाई. आता सत्तरीला त्याला अक्कल आलीया. येवढ्या उशिरा आल्याली अक्कल कुलपात घालतूस व्हय?"

तात्या खाली मातीकडं बघत होते. जुळ्यांपैकी एकानं त्यांची मिशी धरली होती, ती सोडवायचंही त्यांना सुचत नव्हतं. दत्तानं किल्ली दिली. हौसाआजींनी कुलूप काढलं आणि उंबरा ओलांडून आत गेल्या. आम्ही मागोमाग. त्यांनी तुळईकडं पाहिलं, झोळ्यांकडं पाहिलं, गदेचे खुळखुळे पाहिले. बायको काय म्हणते म्हणून तात्या दारात उभे.

"जाळ्या काडत न्हाई व्हय कुनी?" आजी म्हणाल्या, आणि कोपऱ्यातला झाडू घेतला.

दत्ता मोटरसायकलवर बसून निघून गेला. दुपारी एक वायरमन दोन पंखे घेऊन आला. कुणी पाठवले ते त्यानं सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पुढच्या रविवारी हौदावर आठ माणसं होती. आठवा सागर. तात्यांनी त्याला खालीवर न्याहाळलं. "तुजं पोर कुटाय?"

"अजून न्हाई. म्हटलं, आदी शिकून ठेवावं."

"पँट जुनी घातलीस, शाना हायेस," तात्या म्हणाले आणि सूरजला त्याच्याकडं दिलं.

हिवाळ्यात लग्न झालं. सागरच्या वडिलांना हे सगळं अजूनही पटलेलं नाही, असं ते पंगतीत माझ्याजवळ दोनदा म्हणाले आणि तिसऱ्यांदा जिलेबी घेतली.

मुक्ता पाच वर्षांची झाली त्या सुमाराला एक दिवस मालीश करताना तात्यांचा उजवा हात थरथरला. मूल गोधडीवरच होतं, काही झालं नाही. पण तात्यांनी हात पुसले आणि उठले. संध्याकाळी आम्हाला सगळ्यांना सांगितलं, उद्यापासून न्हाऊ सुनीता घालेल. तिला त्यांनी तीन वर्षं शिकवलं होतं. पूर्वी ज्यांच्याशी भांडण होतं त्यांतली एक न्हाऊवाली बाईही तिच्या हाताखाली यायला तयार झाली होती, कानात तेल न घालण्याच्या बोलीवर. आम्ही म्हटलं, तात्या, एकदाच तर झालं. ते म्हणाले, "मातीतनं कवा भाईर पडायचं ते पैलवानाला कळाया पायजे. गदा पडली तर उचलता येती. पोराचं तसं न्हाई." त्यांना वाईट वाटत होतं, ते त्यांनी लपवलं नाही. दोन दिवस तालमीकडं फिरकलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र येऊन पोरांसमोर पालथे पडले. मान अजून वर करता येत होती.

पुढच्या वर्षी प्रशांतची बदली नागपूरला झाली. सामान आधीच रवाना केलं आणि निघायच्या दिवशी आम्ही तिघं निरोप घ्यायला खाली उतरलो. पंधरा दिवसांपूर्वी हौसाआजी घसरून पडल्या होत्या. उजवा हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात झोळी. त्या पुढच्या ओट्यावर बसल्या होत्या आणि त्यांच्यामागं वरच्या पायरीवर, गुडघ्यांत फणी धरून, तात्या. ते बायकोची वेणी घालत होते. ओटा रस्त्याला लागून. दूध घालायला निघालेली माणसं जात होती, बाया पदर तोंडाला लावून बघत होत्या. तात्यांचं कुणाकडं लक्ष नव्हतं. थरथरता हात मांडीला दाबून धरत, पुन्हा केसांत घालत.

"बसा," ते आम्हाला म्हणाले. "येवढी व्हऊ दे."

"वेनी कसली," हौसाआजी म्हणाल्या. "सकाळधरनं दावं वळत्यात."

मुक्ता वर जाऊन तात्यांना चिकटून बसली. थोडा वेळ तिनं बघितलं आणि सांगितलं, "आजोबा, मधला पेड बाजूला घ्यायचा. मग बाजूचा मधे येतो." तात्यांनी तिच्या हातात पेड दिले. तिनं एकदा करून दाखवलं, ते वाकून बघत होते. मग त्यांनी पेड परत घेतले. रस्त्यावर आमची गाडी उभी होती, ड्रायव्हरनं दोनदा घड्याळ दाखवलं. प्रशांतनं त्याला थांबायची खूण केली.

वेणी झाली. तात्यांनी शेवटाला लाल रिबीन गुंडाळली आणि हात मागं घेतले. हौसाआजींनी डावा हात पाठीमागं नेऊन मुळापासून शेवटापर्यंत सगळी वेणी चाचपली. मधे दोन ठिकाणी हात थांबला, तिथं बहुधा पेड सुटला होता.

मग म्हणाल्या, "उंद्या जरा घट्ट घाला."